आईचे माहेर, बाबासाहेबांचे परळ

गेली वीस-बावीस वर्षे आम्ही सहा डिसेंबरला मुंबईला जातो. नागपूरहून निघालेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. दादरला उतरायचे, लोकांच्या लोंढ्याबरोबर शिवाजी पार्ककडे चालायचे, मंडपात पथारी टाकायची, रांगेत पाच-सात तास उभे राहायचे, चैत्यभूमीला वंदन करायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून चार पुस्तके आणि एक कॅलेंडर घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. वाचकांपैकी बहुतेकांचा अनुभव याहून वेगळा नसेल. इतक्या वर्षांत आम्ही मुंबई किती पाहिली? दादर स्टेशनपासून समुद्रापर्यंतचा एक रस्ता!

गेल्या उन्हाळ्यात सुटीचा बेत ठरत होता. मुलाची दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. पेपर कसे गेले म्हणून विचारले तर तो उठून दुसऱ्या खोलीत जाई. मुलगी सहावीत गेलेली. चिखलदरा की पचमढी अशी चर्चा चालली असताना मुलीने मध्येच विचारले, "बाबा, बाबासाहेब मुंबईत राहायचे कुठे?"

"राजगृहात."

"ते माहीत आहे. त्याच्या आधी?"

"परळला, चाळीत."

"परळ कुठे आहे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. जयंतीला भाषणे देणारे आम्ही, परळ हा शब्द शंभरदा उच्चारलेला. पण ते दादरच्या कोणत्या बाजूला हे सांगता येईना. तेव्हा तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "नायगावच्या पलीकडं. माझ्या शाळेच्या वाटेवर."

आई मुंबईची आहे हे आम्ही विसरलोच होतो, असे म्हटले तरी चालेल. तिचे माहेर मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण जन्म आणि वाढ नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली. आजोबा लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. १९६७ साली तिचे लग्न नागपूरला झाले. साताऱ्याकडची मुलगी आणि विदर्भातला मुलगा, अशी सोयरीक त्या काळी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना पचली नव्हती. 'पोटजात कोणती?' म्हणून कुजबुज झालीच. आमच्या आजोबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, ती एका वाक्यात थांबवली म्हणतात: दीक्षा घेतली तेव्हा पोटजातीची वेगळी रांग होती का? तेव्हापासून आई नागपूरची झाली. माहेरी जाणे कमी होत गेले. मामा वारल्यानंतर तर ती सहा डिसेंबरलासुद्धा आमच्याबरोबर यायची थांबली. गुडघे दुखतात हे कारण सांगे.

"चाळ पाडणार आहेत म्हणे," ती म्हणाली. "एकदा बघून आले असते."

बेत तिथेच ठरला.

विदर्भ एक्स्प्रेसचे आरक्षण मिळाले. शिदोरीला तिखट पुऱ्या, कांदा, लोणचे आणि मामीसाठी संत्राबर्फीचे दोन डबे. डिसेंबरात गाडीत झेंडे असतात, गाणी असतात, 'जयभीम'चा गजर असतो. आपण एकटे नाही ही भावना असते. मे महिन्यात शेजारच्या बाकावर लग्नाला निघालेले वऱ्हाड होते आणि त्यांना आम्ही कशासाठी निघालो हे ठाऊक नव्हते. कुठे जाता, या प्रश्नाला आम्ही 'मामाकडे' असे उत्तर दिले. ते खरेही होते. तरी पुढे पुष्कळ वेळ चुकल्यासारखे वाटत राहिले.

दादरला मामेभाऊ न्यायला आला होता. आईने प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला आणि ती आमच्यापुढे चालू लागली! नागपुरात दवाखान्यापर्यंत रिक्षा लागणारी बाई. "आत्या, टॅक्सी घेऊ," असे तो म्हणत राहिला, ही आपली पूर्वेच्या जिन्याकडे.

नायगावच्या चाळी ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी या चाळी बांधल्या. सगळ्या मिळून दोनशे सात. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची, मध्ये लांबच लांब अंधारी मार्गिका, टोकाला सामाईक संडास. आता त्या पाडून टॉवर बांधण्याचे काम चालू आहे. राहणाऱ्यांना पाचशे चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. मामेभाऊ त्या दिवसाची वाट बघतो आहे आणि त्यात काही गैर नाही. सामाईक संडासाच्या रांगेत जन्म घालवलेल्या माणसाला 'जुनी चाळ किती छान' असे पाहुण्याने सांगू नये. आम्ही सांगितले नाही.

मामीने आईला बघितले आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग मामी म्हणाली, "वन्सं, किती वाळलात!" आणि आई म्हणाली, "तू काय कमी वाळलीस?" दुपारी भाकरी, बोंबलाचे कालवण आणि भात. आमच्या मुलीने "मामीआजी, काय करून राहिली?" असे विचारल्यावर मामेभावाची मुले हसून लोटपोट झाली. पुढचे पाच दिवस ती सारखी तिला तेच बोलायला लावत होती.

त्या एकशेसाठ चौरस फुटांत रात्री आम्ही नऊ जण झोपलो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी राजगृह. नायगावहून हिंदू कॉलनी चालत जाण्याइतकी जवळ आहे. डिसेंबरात राजगृहासमोरही गर्दी असते. तेव्हा घर दिसत नाही, माणसांची डोकी दिसतात. या वेळी फाटकासमोर आम्ही सहा-सातच होतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी हे घर बांधायला घेतले ते मुख्यतः पुस्तकांसाठी, हे सर्वांना माहीत आहे. नाव ठेवले ते बिंबिसार राजाच्या राजधानीचे, भगवान बुद्धांच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेल्या नगरीचे. तळमजल्यावर अस्थिकलश आणि छायाचित्रे आहेत. चपला बाहेर काढून आत गेलो. मुलगा एका छायाचित्रासमोर बराच वेळ उभा होता. काय पाहतोस म्हणून विचारले नाही; त्या दिवसांत त्याला काही विचारायची सोयच नव्हती.

७ जुलै २०२० रोजी याच वास्तूच्या आवारात मोडतोड झाली होती. कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. ती बातमी आली तेव्हा आई नागपुरात दोन दिवस नीट जेवली नव्हती. ती आता खिडक्यांकडे एकेक करून बघत होती. "बसवल्या वाटतं," एवढेच म्हणाली.

मग फाटकाबाहेर कठड्याला टेकून तिने मुलांना सांगितले की माता रमाई याच घरात गेल्या. २७ मे १९३५. मे महिनाच. नव्या घरात त्यांना जेमतेम वर्ष-दीड वर्ष मिळाले. "सगळा जन्म परळच्या चाळीत काढला आणि सुखाची खोली मिळाली तेव्हा दुखण्याला टेकल्या," आई म्हणाली. ही हकिगत तिने चाळीतल्या बायकांकडून ऐकलेली. त्यांतल्या काही जणी रमाईंच्या अंत्ययात्रेला वरळीपर्यंत चालत गेल्या होत्या.

दुसरा दिवस परळचा. सकाळी सातलाच निघालो, कारण मुंबईचा उन्हाळा नागपूरसारखा भाजत नसला तरी उकडून काढतो. पंचेचाळीस अंशात राहणारे आम्ही चौतिसात घामाने निथळत होतो. जाताना मामेभावाने नायगावात सांगितले की याच भागात ३० आणि ३१ मे १९३६ ला मुंबई इलाखा महार परिषद भरली होती. येवल्याला १९३५ साली धर्मांतराची घोषणा झाली. ती का आणि कशी पार पाडायची याचे सविस्तर उत्तर बाबासाहेबांनी इथे दिले. 'मुक्ती कोन पथे?' या नावाने ते भाषण आपल्या घराघरांत आहे. ते पुस्तक आमच्याकडे दोन प्रतींत आहे, आणि त्यातले 'नायगाव' म्हणजे आईचे नायगाव हे आम्हांला त्या सकाळपर्यंत उमगले नव्हते. आजोबा तेव्हा विशीतले, नुकतेच साताऱ्याहून आलेले. ते त्या मांडवात होते असे आई सांगते.

परळची बी.आय.टी. चाळ. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि पुढे त्या ट्रस्टने कामगारवस्तीत चाळी बांधल्या, त्यांतली ही. दुसऱ्या मजल्यावर पन्नास आणि एकावन्न नंबरच्या समोरासमोरच्या दोन खोल्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत, मधली परदेशातली वर्षे वगळता, बाबासाहेबांचा मुंबईतला पत्ता हाच. कोलंबियाहून परतले ते इथे, लंडनहून बॅरिस्टर होऊन आले ते इथे. 'मूकनायक' निघाले तेव्हा राहात होते इथे. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते या चाळीत. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, लंडनची गोलमेज परिषद, या सगळ्यांवरून माघारी येऊन हा जिना चढलेला.

आईने जिना बघितला. मुलगा म्हणाला, "आजी, तू खाली बस, आम्ही फोटो काढून आणतो." ती काही बोलली नाही, कठड्याला धरून चढायला लागली. एकेका पायरीवर दोन्ही पाय. पहिल्या मजल्यावर पाच मिनिटे बसली. मुलगा मग तिच्या मागे मागे, हात न लावता, पण हात तयार ठेवून.

चाळीत आजही लोक राहतात. सकाळची वेळ, कुणाचे डबे भरणे चाललेले, कुणाचे पाणी भरणे. अशा वेळी परक्याच्या संसारात डोकवायचे नाही म्हणून आम्ही मार्गिकेतच उभे राहिलो. एका बाईंनी आमच्याकडे बघून न विचारताच पाण्याचा तांब्या आणला. "कुठले?" "नागपूर." "दीक्षाभूमीचे!" असे म्हणून त्यांनी आईला बसायला स्टूल दिले. रोज कुणी ना कुणी येतेच, म्हणाल्या, पण मे महिन्यात कमी.

आम्ही मुलांना दाखवायला लागलो: ही खोली अभ्यासाची, ती संसाराची. बाबासाहेबांच्या शाळकरी वयात रामजीबाबा परळच्या एकाच खोलीत राहात. तिथे डोक्याशी जाते आणि पायाशी शेळी अशा जागेत ते भिवाला झोपवत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. मुलगी म्हणाली, "शेळी ओरडत नसेल का?" याचे उत्तर कोणत्या चरित्रात आहे कोण जाणे. आम्ही बोलत होतो आणि आई ऐकत नव्हती. ती बंद दाराकडे बघत होती.

"राजरत्न इथंच गेला ना?" तिने विचारले.

होय. जुलै १९२६. पाच अपत्यांपैकी यशवंतराव तेवढे वाचले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. हे आम्हांला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टीचे असे असते की ती सांगताना काही होत नाही. आई स्टुलावर बसूनच बोलू लागली, फार हळू. आमच्या आधीची आमची एक बहीण दीड वर्षाची होऊन गेली, हे घरात सर्वांना माहीत होते, पण आई तिच्याविषयी कधी बोललेली नव्हती. त्या दिवशी परक्या चाळीतल्या मार्गिकेत, पाण्याचा तांब्या हातात धरून, ती बोलली. तिचा ताप किती दिवस होता, दवाखान्यात तिला कोण घेऊन गेले, तिच्या झबल्याचा रंग. आमचे वय आज अठ्ठावन्न आहे. बहिणीचे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ते इथे लिहीत नाही.

त्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. डबे भरायचे तसेच राहिले असावेत.

खाली उतरल्यावर दामोदर हॉलकडे गेलो. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय इथे होते. पुढे दामोदर नाट्यगृह म्हणून गिरणगावाने ते डोक्यावर घेतले. कामगार रंगभूमीची कितीतरी नाटके इथे झाली. २०२३ मध्ये ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. आम्ही बाहेरूनच बघितले. बघण्यासारखे फार उरले नव्हते.

नरे पार्कला मात्र आईने आम्हांला बसवले. साधे मैदान आहे. पोरे क्रिकेट खेळत होती. २४ मे १९५६, वैशाख पौर्णिमा, बुद्ध जयंती. त्या दिवशी या मैदानावर बाबासाहेबांनी जाहीर केले की येत्या ऑक्टोबरमध्ये आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेणार. नागपूरच्या १४ ऑक्टोबरचा निरोप मुंबईला पहिल्यांदा मिळाला तो इथे! आई तेव्हा नऊ वर्षांची. तिला भाषणातले एक अक्षर आठवत नाही. तिला आठवते ते हे की सभेला जायचे म्हणून आजीने तिला धुतलेला पांढरा फ्रॉक घातला, ती मातीत बसली आणि घरी गेल्यावर तिला मार मिळाला. "बाबासाहेब दिसले का?" मुलीने विचारले. "दिसले. लांबून. बसूनच बोलले असं वाटतं," आई म्हणाली, मग जरा थांबून, "का उभे होते? नाही सांगता येत बाई." इतक्या वर्षांत तिने हा प्रसंग रंगवून सांगायचे ठरवले असते तर कुणी हरकत घेतली असती का?

तिसऱ्या दिवशी मुलांनी बंड केले. रोज चाळी आणि हॉल! तेव्हा भायखळ्याची राणीची बाग, पेंग्विन, हत्तीचे चित्र असलेली आइसक्रीमची गाडी वगैरे झाले. पण येताना आम्ही भायखळ्याच्या बाजाराकडे बोट दाखवल्याशिवाय राहिलो नाही. बाबासाहेब आणि रमाईंचे लग्न या बाजारात झाले. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री, ओट्यांवर वऱ्हाडी बसवून, खालून गटार वाहात असताना. मंडप नाही की वाजंत्री नाही. आजकाल आपल्या समाजात हॉलचे भाडे लाखात जाते, कर्ज काढून डी.जे. लावला जातो, त्यांनी एकदा मुंबईला यावे आणि हा बाजार पाहावा. असो. हा विषय निघाला की सौ. आम्हांला आमच्या स्वतःच्या लग्नाचा खर्च आठवून देतात.

चौथा दिवस लालबागचा. हा आईच्याच हट्टामुळे. पुस्तकात लालबागला 'ऐतिहासिक स्थळ' म्हणून काही मिळणार नाही. पण आईला आजोबांच्या गिरणीचे फाटक बघायचे होते, जिथे ती शाळा सुटल्यावर डबा घेऊन जात असे. आजोबा रिंग खात्यात होते. का, तर आपल्या माणसाला साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, घेत नसत. साच्यावर पगार जास्त होता. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? म्हणून मनाई. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला: हक्क मागता, तर मग साचेखाते सर्वांना खुले करा. ती मागणी पुढाऱ्यांनी नाखुशीनेच घेतली. परळच्या त्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला हे कुणी कागदावर लिहून द्यावे लागले नसेल, कारण खालून वरपर्यंत सगळी चाळ गिरणी कामगारांचीच.

आजोबांचा जन्म रिंग खात्यात गेला. मामा मात्र साच्यावर लागला. तो पहिल्या पगाराला आला त्या दिवशी आजोबांनी चाळीत पेढे वाटले. मुलगा लागला म्हणून नव्हे, साच्यावर लागला म्हणून. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या बाबतीत तो संप कधी मिटलाच नाही. मामाने भाजी विकली, रात्रपाळीला वॉचमन झाला, मामीने पोळ्या लाटल्या. ज्या साच्यासाठी तीन पिढ्या झगडल्या तो चालवायला मामाला जेमतेम बारा वर्षे मिळाली. आई नागपूरहून मनिऑर्डर करी आणि मामा ती परत पाठवी. म्हणून माहेर तुटले. गुडघ्यांचे कारण नंतरचे.

फाटक कुठे मिळणार! तिथे काचेचा टॉवर उभा आहे. एक धुराडे शिल्लक आहे, तेही याच गिरणीचे की शेजारच्या, यावर आई आणि मामेभाऊ यांचे रस्त्यातच वाजले. वॉचमनने येऊन विचारले, "कोणाकडे जायचंय?" आई म्हणाली, "कोणाकडे नाही. इथं माझा बाप कामाला होता." वॉचमन तरुण पोरगा, बुलढाण्याकडचा निघाला. त्याने आपली खुर्ची आणून आईला दिली आणि फाटकाच्या आतल्या सावलीत बसवले. साहेब आले तर मी सांगतो, म्हणाला. आई पंधरा मिनिटे तिथे बसली.

गिरगावचा दिवस धावपळीचा झाला. फोर्टात सिद्धार्थ कॉलेजच्या बुद्ध भवनाला वंदन केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची आणि सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे. आमच्या पिढीतले कितीतरी जण या पायऱ्यांमुळे माणसांत आले. एल्फिन्स्टन कॉलेज बाहेरून बघितले. गेट वेला फोटो झाले. मग चर्नी रोड स्टेशनशेजारच्या बागेत सावलीला बसलो. आता तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भिवा या बागेत पुस्तक वाचत बसे आणि इथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्याला हेरले. १९०७ साली भिवा मॅट्रिक झाला तेव्हा त्याचा सत्कार झाला. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. नरे पार्क आणि दीक्षाभूमी यांचा उगम शोधायला गेले तर असा एका बागेतल्या बाकाशी येऊन थांबतो.

"किती मार्क होते?" मुलाने विचारले. पाच दिवसांत त्याने पहिल्यांदा काही विचारले होते.

"सातशेपन्नासपैकी दोनशे ब्याऐंशी."

त्याने मोबाइल काढला नाही. बोटाने बाकावर आकडे लिहीत बसला. "सदतीस टक्के?"

"साडेसदतीसच्या वर," आम्ही म्हणालो. आणि पुढे नेहमीचे व्याख्यान, परिस्थिती काय होती, जागा काय होती, दिवा कुठला होता, ते तोंडावर आले होते. सौ.नी डोळ्यांनी दटावले म्हणून गिळले. तो आणखी काही वेळ बाकावर रेघा ओढत राहिला आणि मग बहिणीला घेऊन भेळ आणायला गेला. आमच्यासाठीही आणली.

ज्या बांधवांना मुलाबाळांसह असा प्रवास करायचा असेल त्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, हे सर्व एका दिवसात उरकू नये. नायगाव, हिंदू कॉलनी, परळ, लालबाग हे पायी चालण्याच्या अंतरात आहे आणि पायीच बघण्यासारखे आहे. दुसरे, घरात कुणी म्हातारे माणूस मुंबईत राहिलेले असेल तर त्याला न्यावेच, जिन्यांची काळजी करू नये. पाणी जवळ ठेवावे.

शेवटच्या संध्याकाळी चैत्यभूमी. शिवाजी पार्क रिकामे होते. मंडप नाहीत, स्टॉल नाहीत, भोंगे नाहीत. स्तूपाजवळ वीस-पंचवीस माणसे. रांग नव्हती, सरळ आत गेलो, वंदन केले, त्रिशरण-पंचशील घेतले आणि कुणी पुढे ढकलले नाही. आम्हांला तिथे काय करावे तेच सुचेना! वीस वर्षे मागून रेटा मिळायची सवय. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते या स्तूपाचे उद्घाटन झाले हे त्या दिवशी आम्ही मुलीला सावकाश सांगू शकलो. तोरण सांचीच्या धर्तीचे आहे हेही. जवळच इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारकाचे काम चाललेले दिसते.

आई मात्र स्तूपाच्या मागे समुद्राकडे गेली. भरती होती. पाणी भिंतीला लागत होते.

७ डिसेंबर १९५६ ला तिला आजोबांनी खांद्यावर बसवून इथे आणले होते. चितेला अग्नी दिला गेला त्याच जागी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी दीक्षा घेतली. त्यांत आजोबा होते, आजी होती आणि खांद्यावरची आई. "तुझे आजोबा मला चिडवायचे," ती मुलाला म्हणाली, म्हणजे आमच्या वडिलांविषयी. "म्हणायचे, आम्ही नागपूरचे, पहिले. तुम्ही मुंबईवाले मागून आलेले. मी म्हणायची, तुम्ही त्यांच्या तोंडून घेतली, आम्ही त्यांच्या चितेपाशी घेतली. मग गप्प बसायचे." तिने भिंतीवरून खाली बघितले. "इथं वाळू होती. पार तिकडपर्यंत. आता कुठं गेली?"

मुलगा तिच्याजवळ उभा राहून ती दाखवील तिकडे बघत होता.

परतीच्या गाडीला मामी दादरपर्यंत आली. पिशवीतून तिने पितळेचा तीन पुडांचा डबा काढून आईच्या मांडीवर ठेवला. आजोबांचा. चाळ रिकामी करताना हरवेल, म्हणाली. आईने झाकण उघडले, आत मामीने बोंबलाची चटणी भरून दिलेली. रात्रभर आमच्या डब्यात तो वास होता आणि समोरचे कुटुंब दोनदा इकडे तिकडे बघून गेले.

कसारा घाट चढताना आई आम्हांला म्हणाली, "यंदा डिसेंबरला मला नेऊ नकोस. पुढच्या मेमध्ये ने. चाळ असली तर चाळीत उतरू, नसली तर बघू."